बॅटरी नवी, तरी दिवे लुकलुकतात

प्रश्न : माझी कार पंधरा वर्षांची आहे. रात्री हेडलाइट आणि वायपर चालू असताना सिग्नलला थांबलो की डॅशबोर्डवरचे बॅटरीचे आणि एबीएसचे (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दिवे लुकलुकतात. जरा रेस दिली की विझतात. बॅटरी बदलली, फरक नाही. आता अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, बदला असं सांगतात. परवा ऑइलचा लाल दिवाही क्षणभर लागून गेला. काय करू?

उत्तर : ऑइलच्या दिव्याचा उल्लेख तुम्ही शेवटी केलात, पण आधी तोच बघा. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबा आणि डिपस्टिकवर ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे का पाहा. कमी असेल तर भरा. पातळी बरोबर असूनही गरम इंजिनावर दिवा पुन्हा लागला, तर प्रेशर स्विचच्या (ऑइलचा दाब कमी झाला की तो दिवा लावणारा) जागी गेज लावून खरा दाब मोजून घ्या. तोवर गाडी चालवू नका, अगदी कोपऱ्यापर्यंतसुद्धा नाही. दाब नसेल तर बेअरिंग जायला फार वेळ लागत नाही.

आता बाकीचे दोन. एकच दिवा लुकलुकत असता तर मी त्याच्या सेन्सरकडे गेलो असतो. दोन एकदम, तेही लोड वाढल्यावर, म्हणजे बहुतेक व्होल्टेज कमी पडतंय. जुन्या गाड्यांत बॅटरीच्या दिव्याचं एक टोक इग्निशन स्विचमार्गे बॅटरीला असतं, दुसरं अल्टरनेटरला. दोन्हीकडे व्होल्टेज सारखं असेल तर दिवा विझलेला राहतो, फरक पडला की मिणमिणतो. एबीएसचं कंट्रोल युनिटही व्होल्टेज फार उतरलं की काम थांबवून दिवा लावतं.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी मल्टिमीटर लावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू केल्यावर तिच्याच टर्मिनलवर 13.8 ते 14.5 मिळायला हवेत. मग हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं लावा. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता, आकडा 12.5 च्या आसपास घसरला आणि रेस दिल्यावर वर आला, तर बेल्ट ढिला आहे का आणि अल्टरनेटरचे कार्बन ब्रश झिजलेत का ते तपासा. पुष्कळ अल्टरनेटरमध्ये ब्रश आणि रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) वेगळे बदलता येतात. ते न पाहताच अख्खा अल्टरनेटर बदलायला लावणं मला मुळीच पटत नाही.

दुसरी जागा अर्थिंगची, म्हणजे बॅटरीचा मायनस इंजिन आणि बॉडीला जिथे जोडतात ती, आणि जुन्या गाडीत माझा पहिला संशय तिच्यावरच असतो. सगळं लोड चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा. मग तीच बॉडीवर. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी किंवा तिचा बोल्ट गंजलाय. बॅटरी सोडवा, बोल्ट काढा, खालचा रंग-गंज घासून धातू चकचकीत करा आणि घट्ट आवळा. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थरही काढा. नवी बॅटरी जुन्याच गंजक्या क्लॅम्पला जोडली असेल, तर ती बदलूनही फरक पडणार नाही.

अल्टरनेटरमधल्या डायोडची (एसी करंटचा डीसी करणारा भाग) शंका असेल तर इंजिन चालू असताना बॅटरीवर एसी व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर डायोड तपासायला हवा. मात्र काही स्वस्त मीटर एसीवर ठेवले तरी डीसी धरून भलताच आकडा दाखवतात, त्यावर विसंबू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगतो : अल्टरनेटर चार्ज करतोय का हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल कोणालाही काढू देऊ नका. ही जुनी सवय अजून दिसते. त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळतं आणि एबीएसचं किंवा इंजिनचं कंट्रोल युनिट जळू शकतं.

सगळे आकडे बरोबर आले आणि दिवे तरीही लुकलुकले, तर किल्ली चालू स्थितीतच, गाडी उभी असताना, हलकेच हलवून बघा. दिवे त्याबरोबर थरथरले तर इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट झिजलेत. किल्लीला जड जुडगा लटकत असेल तर तो आजच काढा.