पीएचपीतून फाइल डाउनलोड: सुरुवातीला एवढं सांभाळ

निपाणीच्या वाचनालयाचे जुने अंक घरबसल्या उतरवून घेता यावेत म्हणून तू पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत साइट करतोयस, वाचून फार बरं वाटलं. सीमाभागातल्या मराठी वाचकांसाठी हे व्हायलाच हवं.

आधी सुरक्षितता, बाकी सगळं नंतर. वेबपत्त्यातून (यूआरएलमधून) आलेलं फाइलचं नाव थेट रीडफाइल फंक्शनला, म्हणजे फाइल वाचून ब्राउझरकडे पाठवणाऱ्या आज्ञेला, कधीच देऊ नकोस. दोन टिंबं आणि तिरकी रेघ टाकून कुणीही वरच्या फोल्डरात शिरतो आणि डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल घेऊन जातो. पत्त्यात फक्त अंकाचा क्रमांक येऊ दे. कुठल्या क्रमांकाला कुठली फाइल, ती यादी सर्व्हरवर ठेव. पीडीएफही पब्लिक फोल्डरच्या बाहेर हव्यात, नाहीतर स्क्रिप्टला वळसा घालून थेट लिंक उघडते.

मग तीन हेडर, म्हणजे फाइलच्या आधी ब्राउझरला जाणाऱ्या सूचना:

- कंटेंट-टाइप: फाइलचा प्रकार.
- कंटेंट-डिस्पोझिशन: यात 'अटॅचमेंट' लिहिलं की ब्राउझर फाइल उतरवून घेतो.
- कंटेंट-लेंग्थ: आकार बाइटमध्ये. खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंज कमी. किती उतरलं, किती राहिलं हे वाचकाला दिसायला हवं.

हेडरच्या आधी एक मोकळी ओळही बाहेर जाता कामा नये. 'हेडर्स ऑलरेडी सेंट' ही चूक बहुतेक तिथूनच येते. स्क्रिप्ट यूटीएफ-८ मध्ये, पण बीओएमशिवाय (फाइलच्या सुरुवातीला बसणाऱ्या अदृश्य खुणेशिवाय) सेव्ह कर. रीडफाइलनंतर लगेच एक्झिट (स्क्रिप्ट तिथेच थांबवणारी आज्ञा) लिही, नाहीतर पीडीएफच्या शेपटाला एचटीएमएल चिकटतं.

उतरवताना फाइलचं नाव सध्या रोमन अक्षरांतच दे. देवनागरी नावं आणि तुटलेलं डाउनलोड पुढे चालू करणं, दोन्ही जमतं. पण आधी एक अंक नीट उतरू दे.