वाचक विचारतात: रेशनमधलं मटण, आणि तेही कांद्याशिवाय

प्रश्न: ताई, मुलाच्या शाळेत दुसऱ्या महायुद्धावर प्रोजेक्ट आहे म्हणून ब्रिटनमधलं मटण-बटाट्याचं लँकशायर हॉटपॉट केलं. अर्धा किलो बोनलेस मटण, तीन बटाटे, वर भरपूर बटर. खाली नुसतं पाणी राहिलं आणि चव शून्य. गरम मसाला घालू का?
– एक आई, नाशिक

उत्तर: अहो गरम मसाला नका घालू, मग ते आपलंच मटण झालं की! तुमचं प्रमाण उलटं झालंय बघा. तिथे मटणाचं रेशन वजनावर नव्हतंच, पैशांवर होतं. मार्च १९४० मध्ये सुरू झालं तेव्हा माणशी आठवड्याला १ शिलिंग १० पेन्सचं, नंतर १ शिलिंग २ पेन्सवर आलं, म्हणजे चांगला पीस घेतला की इवलंसं हातात यायचं आणि मानेचं हाडवालं घेतलं की त्याच पैशात जरा जास्त. बटाटा मात्र युद्ध संपेपर्यंत रेशनवर नव्हता, म्हणून पोट त्यानेच भरायचं. बटर तर बऱ्याचदा आठवड्याला २ औंस, साधारण ५७ ग्रॅम. ते हॉटपॉटवर कोण ओतणार?

तर पाव किलो मानेचं मटण, पाऊण किलो जुने बटाटे, दोन गाजरं घ्या. बटाटे घासून धुवा, सालं राहू द्या, तिथल्या सरकारचं अन्न खातंही तेच सांगायचं. मटणाला चमचाभर मैदा, मीठ, मिरपूड चोळा, चरबी काढू नका, तेलाचं काम तीच करते. बटाट्याचा थर, मटण-गाजर, आणि सगळ्यात वर चकत्या एकमेकींवर अर्ध्या चढवून, कौलं घालतात ना तशा. पाणी अर्ध्यापर्यंतच, वरच्या चकत्या बुडाल्या की संपलं, तुमचं तेच झालं असणार. झाकून ओव्हनला १६० वर दोन तास, आपलं बोकडाचं असेल तर अडीच, मग झाकण काढून २०० वर चकत्यांच्या कडा करपट लाल होईपर्यंत.

आता कांदा. एरवी हॉटपॉटमध्ये कांदा असतोच, पण तिकडे तो बराचसा फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातून आणि फ्रान्सजवळच्या चॅनल बेटांवरून यायचा, १९४० मध्ये जर्मनांनी ते भाग घेतले आणि कांदा बाजारातून गायबच झाला. नाशिकमध्ये बसून हे पचणं अवघड आहे, पण प्रोजेक्टपुरता नकाच घालू, मिळाला तर लीक, म्हणजे कांद्याच्या पातीसारखी जाड भाजी, चिरून घाला. आणि घाई म्हणून कुकर लावू नका, बटाट्याचा लगदा होतो, मी करून बसलेय.