लढाऊ विमानांच्या दुरुस्तीला आणि साध्या साध्या पार्टलाही कंपन्या एवढे पैसे का लावतात?

मुख्य कारण म्हणजे पार्टचं ड्रॉइंग आणि हक्क मूळ कंपनीकडेच असतात, त्यामुळे हवाई दलाला दुसरीकडे कोटेशन मागायची सोयच नसते आणि विकणारा एकच असला की भाव तोच ठरवतो. मी रबाळे एमआयडीसीत विमानांचे पार्ट बनवणाऱ्या युनिटमध्ये क्वालिटीला आहे, त्यामुळे दुसरी बाजूही रोज बघतो, ऑर्डर असते पाच-दहा नगांची पण मशीनचं प्रोग्रॅमिंग, फिक्स्चर (पार्ट मशीनवर पकडून ठेवायची जोडणी), पहिल्या नगाची पूर्ण तपासणी, मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट हे सगळं पाच हजार नगांना लागेल तेवढंच लागतं, मग एका नगावर खर्च चढणारच. म्हणजे महाग आहे म्हणून लूटच आहे असं नाही. पण लूट होते हेही खरं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१९ मध्ये विमानांचे पार्ट विकणाऱ्या ट्रान्सडाइम कंपनीचे ४७ पार्ट तपासले तर ४६ वर अवाजवी नफा निघाला, एकूण १.६१ कोटी डॉलर. आणि २०२४ मध्ये कळलं की सी-१७ या लष्करी मालवाहू विमानाच्या टॉयलेटमधला साबणाचा डिस्पेन्सर बोइंगकडून बाजारभावाच्या ८० पट किमतीला घेतला जात होता. साबणाचा डिस्पेन्सर! याचं समर्थन कुठल्याही सर्टिफिकेटने होणार नाही. आपल्या २०१६ च्या राफेल करारात किमान ७५ टक्के विमानं उडायला तयार ठेवायची जबाबदारी कंपनीवरच टाकली होती, ती पद्धत मला जास्त पटते, कारण पार्ट वारंवार बदलण्यात मग कंपनीचाच तोटा असतो.