लॉनमधला लव्हाळा, मिठाचं पाणी आणि मक्याचं ग्लूटेन

प्रश्न : हरळीच्या लॉनमधला लव्हाळा दर आठवड्याला उपटतो, तरी दुपटीने येतो. तणनाशक मारायचं नाही. काय करावं?

उत्तर : उपटताना पान हातात येतं, गाठ जमिनीतच राहते. शिवाय लव्हाळ्याच्या गाठी मातीखाली एकाच धाग्यात ओवलेल्या असतात. वरचं रोप वाढत असतं तोवर मागच्या बऱ्याच गाठी निजून असतात. हिसडा बसून धागा तुटला की त्या प्रत्येक स्वतंत्र फुटतात. दुपटीचं कारण हेच.

आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या. अरुंद पात्याचं लांब खुरपं रोपाच्या बाजूने सरळ 15 सेंमी खाली घाला (बहुतेक गाठी याच थरात असतात), माती सैल करा आणि गाठीसकट उचला. खड्डा मातीने भरून हरळीचा मुळं धरलेला तुकडा लगेच दाबून बसवा. उघडी जागा सोडली तर तिथे पहिलं तणच येतं. नवी फूट दिसायला लागल्यापासून 3-4 आठवड्यांत नव्या गाठी धरू लागतात, त्यामुळे फेरी दर 14 दिवसांनी झालीच पाहिजे. एक फेरी चुकली की आधीची मेहनत बरीचशी वाया जाते. काढलेल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकू नका, फरशीवर कडक उन्हात पूर्ण सुकवा.

रोज थोडं थोडं पाणी देत असाल तर ते आधी थांबवा, कारण सततची ओल लव्हाळ्याला मानवते. आठवड्यातून 2 वेळा, मिळून साधारण 25 मिमी पुरतं, त्यातून पाऊस वजा करा. लॉनवर सरळ उभ्या कडांचा डबा ठेवला की किती पाणी पडलं ते मोजता येतं.

कापणी 3-4 सेंमीवर ठेवा आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. दाट हरळीच्या सावलीत लव्हाळा खुरटतो. मात्र झाडाखाली हरळी स्वतःच विरळ होते. तिथे तणाशी झगडू नका, सावली सोसणारं झोयसिया किंवा सेंट ऑगस्टीन गवत लावा.

प्रश्न : मिठाचं पाणी किंवा व्हिनेगर फवारलं तर?

उत्तर : मीठ फक्त सीशोअर पास्पॅलमच्या लॉनवर चालतं, कारण ते गवत मुळातच खारं पाणी सोसतं. इतर लॉनवर कृपा करून मीठ टाकू नका. तणाआधी गवत करपतं, आणि सोडियममुळे चिकण मातीची कणरचना मोडून निचरा बिघडतो. तो सुधारायला फार वेळ लागतो.

5 टक्क्यांचं व्हिनेगर कोवळी पानं जाळतं. लव्हाळा गाठीतून पुन्हा फुटतो, लॉनचं गवत मात्र पिवळं पडतं. ते फरशीच्या फटींपुरतंच ठेवा. 20 टक्क्यांचं व्हिनेगर डोळ्यांना गंभीर इजा करतं.

आंबुशीसारख्या रुंद पानांच्या तणासाठी आयर्न एचईडीटीए (फवारायचं लोहयुक्त तणनाशक) हा चांगला पर्याय आहे. रुंद पानं लोह जास्त शोषून काळी पडतात, गवत टिकतं. प्रमाण लेबलप्रमाणे घ्या, गरज पडल्यास 3-4 आठवड्यांनी पुन्हा फवारा. फरशीवर उडालं तर गंजाचे डाग पडतात. लव्हाळ्यावर याचा उपयोग नाही.

प्रश्न : मक्याच्या ग्लूटेनने तण थांबतं का?

उत्तर : मक्याचं ग्लूटेन म्हणजे मक्यातून स्टार्च काढल्यावर उरणारा प्रथिनयुक्त भुगा. त्याने उगवलेलं तण थांबत नाही. रुजणाऱ्या बियांची मुळं ते रोखतं. 100 चौ.मी.ला 10 किलो पसरून हलकं पाणी द्या, मग 2-3 दिवस वरची माती कोरडी राहू द्या. मुळं नसलेला कोंब त्या कोरडेपणानेच मरतो. संततधार पावसात पैसे फुकट जातात. त्यात सुमारे 10 टक्के नत्र असतं, म्हणून त्या महिन्यात दुसरं खत टाळा.

प्रश्न : पायवाटेलगत नाचणीसारखं चपटं, पांढुरक्या बुंध्याचं गवत येतं. ते कसं काढावं?

उत्तर : ते दबलेल्या मातीत येतं, तिथे हरळीची मुळं खोल जात नाहीत. तुरे धरण्याआधी ओल्या मातीतून मुळासकट काढा. मग पोकळ दातांच्या यंत्राने 8-10 सेंमी खोल छिद्रं पाडा आणि त्यांत चाळलेलं कंपोस्ट झाडूने सारा. ये-जा तिथूनच राहणार असेल, तर त्या पट्ट्यात सरळ फरशा बसवा.