सिकलसेलचे कार्ड आणि त्यावरील माहिती

प्रश्न : आश्रमशाळेत झालेल्या सिकलसेल तपासणीत माझ्या मुलाच्या कार्डावर ‘एएस’ असे आले. त्याला कसलाही त्रास नाही. मग शासन ही माहिती कशासाठी ठेवते, आणि पुढे लग्न ठरवताना ती सांगावी लागेल का? (एक पालक, गडचिरोली जिल्हा)

उत्तर : सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या होणारा आनुवंशिक आजार आहे. ‘एएस’ म्हणजे आपला मुलगा त्याचा वाहक आहे, रुग्ण नव्हे. हिमोग्लोबिन घडवणाऱ्या एका जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच बदल असल्याने त्याला एरवी औषधांची गरज नाही. मात्र फार कष्टाच्या कामात पाणी भरपूर प्यावे. आई-वडील दोघेही ‘एएस’ असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल ‘एसएस’, म्हणजे रुग्ण, होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढची तिन्ही सुटतील, असा हिशेब पुष्कळ जण करतात. तो चुकीचा आहे. जोडीदार ‘एए’, म्हणजे दोन्ही प्रती बदलाविना असलेला, असेल, तर मूल ‘एसएस’ होत नाही.

केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. कोणत्या तालुक्यात वाहक किती, हे कळले की नवजातांची तपासणी कुठे आधी करावी आणि हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलवरील औषध कुठे किती पाठवावे, हे ठरवता येते. परंतु त्यासाठी आकडे पुरतात. नावानिशी पाठपुरावा हवा तो प्रामुख्याने ‘एसएस’ बालकांचा, कारण त्यांना पेनिसिलिन आणि लसी वेळेवर मिळाल्या पाहिजेत. वाहकाचे नाव डॉक्टर आणि समुपदेशक यांच्यापलीकडे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात जनुकीय किंवा आरोग्यविषयक माहितीचा वेगळा, अधिक संरक्षित वर्ग नाही, म्हणून ही काळजी अधिकच घ्यावी लागते. शिवाय ही माहिती एकट्या मुलाची नाही. मूल ‘एएस’ म्हणजे आई-वडिलांपैकी किमान एकाकडे तो बदल असणारच. वर्गात निकाल मोठ्याने वाचणाऱ्या शिक्षकाने नकळत घरातल्या माणसांचाही निकाल वाचलेला असतो.

लग्नाच्या वेळी सांगावे, पण सज्ञान झाल्यावर मुलाने स्वतः, आणि मुलीचीही तपासणी झालेली असावी. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस येथे १९७० च्या सुमारास अशीच तपासणी झाली होती; पुढे पाहणी केली तेव्हा वाहकांना कलंक लागल्याचे आणि अनेकांनी आपला निकाल लपवल्याचे आढळले, तर वाहक-वाहक विवाह काही कमी झाले नव्हते. दोघेही ‘एएस’ निघाले, तरी लग्न मोडलेच पाहिजे असे नाही, कारण गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी करता येते. आपण पती-पत्नी आणि मुलाची भावंडे यांची तपासणी मात्र आता करून घ्यावी. सोल्युबिलिटी या साध्या प्राथमिक चाचणीत वाहक आणि रुग्ण यांतला फरक कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळा चाचणीचा अहवाल मागावा.

प्रश्न : सिकलसेल तपासणीसाठी घेतलेल्या रक्तातून आमचा संपूर्ण जनुकक्रम (डीएनएचा पूर्ण आराखडा) काढला जातो का? (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : नाही. वरील चाचण्या हिमोग्लोबिनच्या आहेत, डीएनएच्या नव्हेत. सुमारे १०,००० भारतीयांचे संपूर्ण जनुकक्रम वाचणारा ‘जीनोम इंडिया’ हा निराळा संशोधन प्रकल्प असून त्याची विदा फरिदाबाद येथील केंद्रात आहे. उरलेले रक्त संशोधनासाठी ठेवायचे असेल, तर त्यासाठी स्वतंत्र संमतीपत्र लागते; तपासणीच्या अर्जावरील सही म्हणजे ती संमती नव्हे.