‘अर्बन लेजेंड’ला मराठीत काय म्हणावं?

कोल्हापुरातल्या एका चित्रपट मंडळाच्या कार्यकर्तीचा प्रश्न आहे. ‘स्नफ फिल्म’, म्हणजे खराखुरा खून दाखवणारे चित्रपट, खरंच असतात का, याचा छडा लावणारा एक माहितीपट त्या दाखवणार आहेत. पत्रकात ‘अर्बन लेजेंड’साठी, म्हणजे खरी म्हणून तोंडोतोंडी फिरणाऱ्या आजच्या काळातल्या गोष्टीसाठी, त्यांनी ‘शहरी दंतकथा’ लिहिलं, तर मंडळातल्या एका ज्येष्ठांनी ते खोडून ‘अफवा’ केलं. यातलं बरोबर कोणतं?

ताई, मला दोन्ही पटत नाहीत. मी ‘वदंता’ लिहीन.

आधी ‘स्नफ’चं पाहू, कारण शब्दकोशात बघून कुणी तिथे ‘तपकीर’ लिहायला नको. इंग्रजीत जळत्या मेणबत्तीची वात चिमटून विझवणं म्हणजेही ‘स्नफ’, आणि त्यावरूनच बोलीत जीव घेणं. आपल्याकडेही प्राणज्योत मालवते, पण ती आपसूक. खुनाला आपण तसं म्हणत नाही. म्हणून ‘स्नफ फिल्म’ तसंच ठेवावं आणि पुढे अर्थ द्यावा: विकण्यासाठी कॅमेऱ्यासमोर खराखुरा खून करून बनवलेला चित्रपट. ‘हत्यापट’ नको, त्याने साधा रहस्यपट डोळ्यांसमोर येतो.

अशा चित्रपटांचा चोरटा बाजार आहे, असं 1970च्या दशकापासून बोललं जातंय. अर्जेंटिनात चित्रित झालेला एक जुना, पडून राहिलेला चित्रपट ॲलन शॅकलटन या वितरकाने उचलला, शेवटी चित्रीकरण करणारी मंडळीच एका बाईला ठार मारतात असा तुकडा जोडला आणि 1976 साली ‘स्नफ’ या नावाने लावला. खून खरा असावा असं जाहिरातीतून सुचवलं. न्यूयॉर्कमध्ये निदर्शनं झाली, सरकारी वकिलांनी चौकशी केली आणि ‘मेलेली’ बाई जिवंत सापडली. शॅकलटनने केलं त्याला आपल्याकडे नेमका शब्दप्रयोग आहे: पुडी सोडणं. पुढे 1991 साली चार्ली शीन या नटाने एक जपानी चित्रपट पाहिला, तो खरा खून समजून तक्रार केली. तपासात ती सगळी रंगभूषेची करामत निघाली.

खुलासा होऊनही बोलणं थांबलं नाही. इथेच ‘अफवा’ तोकडी पडते. हा अरबीतून आलेला शब्द, मुळात अर्थ ‘तोंडं’. अफवा आजची असते, गावाचं नाव घेऊन येते आणि माणसाला लगेच काहीतरी करायला लावते. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा पसरली आणि 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच निरपराध माणसांना ठेचून मारलं. ‘स्नफ’च्या गोष्टीला ना गाव ना तारीख. ती पन्नास वर्षं टिकून आहे.

‘दंतकथा’ टिकते हे खरं, पण ती जुनी असते आणि स्थळाला चिकटलेली असते. बुरूज ढासळू नये म्हणून पायात माणूस गाडला, ही दंतकथा. शिवाय हल्ली ‘दंतकथा बनलेला गायक’ असं कौतुकानेही लिहितात. ‘शहरी’ने तर आणखी घोटाळा होतो. मूळ इंग्रजीत त्याचा रोख ‘आजच्या काळातली’ असा आहे. अशा गोष्टी गावच्या पारावरही तितक्याच चवीने चघळल्या जातात. ‘आख्यायिका’ तर नकोच. संस्कृत काव्यशास्त्रात घडलेल्या गोष्टीवर रचलेली ती आख्यायिका, कल्पित ती कथा. म्हणून बाणभट्टाचं ‘हर्षचरित’ आख्यायिका आणि ‘कादंबरी’ कथा.

‘वदंता’ आली ‘वद्’ म्हणजे बोलणं यावरून; ‘किंवदंती’ तिची सख्खी बहीण. “अशी वदंता आहे” या वाक्यात बोलणारा कोण ते कळत नाही, आणि गोष्ट खरी की खोटी याची हमीही कुणी घेत नाही. ‘स्नफ’ची गोष्ट अशीच फिरते. सांगणाऱ्याने स्वतः कधीच पाहिलेलं नसतं, मित्राच्या मित्राने पाहिलेलं असतं.

पत्रकात कोल्हापूरचा एक संदर्भ जरूर घ्या. 1920 साली बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’तला कीचकवध पडद्यावर इतका जिवंत उतरला की सेन्सॉरने त्यावर कात्री चालवली. मूकपट, त्यात महाभारतातली माहीत असलेली गोष्ट, तरी ही तऱ्हा! पडद्यावरच्या मरणाला डोळे किती सहज फसतात हे आपल्याच गावच्या चित्रपटाने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं, आणि ‘स्नफ’ची वदंता नेमकी त्यावरच पोसली आहे.

वाक्य असं करता येईल: “कॅमेऱ्यासमोर खरे खून करून ते चित्रपट विकले जातात, अशी वदंता जगभर आहे. तिचा माग काढणारा हा माहितीपट.” शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘वदंतेचा’, ‘वदंतेमागे’, अनेकवचन ‘वदंता’च. मथळ्यात एवढ्याने अर्थ पोचणार नाही असं वाटलं, तर ‘आधुनिक वदंता’ करा. ‘शहरी’ मात्र काढून टाका.