दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसवर पहिलाच प्रोजेक्ट? आधी एवढं सांभाळ

विषय छान आहे. फक्त दही, लसूण, हळद, तुळस आणि डझनभर अँटिबायोटिक्स एकाच प्रोजेक्टात कोंबू नकोस. दह्यातला एक जिवाणू, समोर एक रोगजंतू, पहिला दुसऱ्याची वाढ रोखतो का एवढं बघ, पुरे.

नवखे बहुधा इथे फसतात:

- एमआरएस अगारवर (लॅक्टोबॅसिलस वाढवायचं घट्ट माध्यम) वाढलं ते सगळं प्रोबायोटिक, म्हणजे आरोग्याला उपकारक, नसतं. ग्रॅम पॉझिटिव्ह (ग्रॅम रंगात जांभळा दिसणारा), कॅटालेज निगेटिव्ह (हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर न फेसाळणारा) दंडाकृती जिवाणू आला तर 'लॅक्टोबॅसिलस असावा' एवढंच लिही.
- सुपरनॅटंटभोवती (जिवाणू काढून उरलेला द्रव) मोठा झोन, म्हणजे रोगजंतू न वाढलेलं वर्तुळ, दिसला की लगेच 'बॅक्टेरिओसिन (दुसऱ्या जिवाणूंना मारणारं जिवाणूचं प्रथिन) सापडलं' म्हणून नाचायचं नाही. बरेचदा ते नुसतं लॅक्टिक आम्ल असतं. पीएच ६.५ वर आणून पुन्हा लाव. झोन गायब झाला तर काय ते कळलंच.
- तुझा जिवाणू व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकला दाद देत नाही म्हणून घाबरू नकोस. अनेक लॅक्टोबॅसिलसांत तो प्रतिरोध उपजतच असतो. टेट्रासायक्लिनला प्रतिरोध दिसला तर मात्र गाइडना दाखव, ती जनुकं प्लाझ्मिडवरून (डीएनएचं सुटं कडं) दुसऱ्या जिवाणूत जाऊ शकतात.

पुढे कधी लसूण-हळदीवर वेगळा प्रोजेक्ट केलास तर लसूण ताजीच ठेच. ॲलिसिन (लसणातलं जंतुनाशक द्रव्य) ठेचल्यावरच तयार होतं, आधी उकळलीस तर ते बनवणारं विकरच (एन्झाइम) मरतं. हळदीचा अर्क इथेनॉलमध्ये काढलास तर नुसत्या इथेनॉलचा कंट्रोल (तुलनेसाठी हळदीशिवाय तीच चाचणी) हवाच हवा. व्हायवात (तोंडी परीक्षेत) पहिला प्रश्न तोच येतो! शिवाय कर्क्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य) अगारमध्ये नीट पसरत नाही, त्यामुळे झोन छोटा आला म्हणून हळद निकामी ठरवू नकोस.

एमआयसीचं (वाढ रोखायला लागणारं कमीत कमी प्रमाण) नंतर बघू. आधी गाइडना सांगून प्रमाणित स्ट्रेन (ओळख पक्की असलेला जिवाणूचा वाण) मागव. पुण्यात एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम हा सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे.